ॲप टॅक्सीचे नियम कोण ठरवतं? आणि ते गडचिरोलीला पुरतात का?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १ एप्रिल २०२५ रोजी ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली. अट अशी, की शहराची लोकसंख्या किमान एक लाख हवी. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या होती सुमारे ३ लाख २० हजार, बल्लारपूरची ८९ हजार आणि गडचिरोली शहराची ५४ हजार. म्हणजे चंद्रपूर या अटीत बसतं, बल्लारपूर आणि गडचिरोली बाहेर राहतात.

मोबाईलवरून गाडी बोलावण्याचे नियम बनतात कसे, आणि जंगलातल्या जिल्ह्यांना ते कितपत लागू पडतात, ते समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

ओला, उबर, रॅपिडो यांच्यासारख्या कंपन्या स्वतःला तंत्रज्ञान कंपन्या म्हणवून घेत. गाडी आमची नाही, चालक आमचा नाही, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून देतो, असं त्यांचं म्हणणं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही पळवाट बंद झाली. कलम ९३ नुसार अशा कंपनीला 'ॲग्रीगेटर' म्हणून राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो. विनापरवाना धंदा केल्यास २५ हजार ते १ लाख रुपये दंड आहे.

युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २० डिसेंबर २०१७ रोजी हेच सांगितलं होतं : उबर ही वाहतूक सेवाच आहे.

महाराष्ट्रात काय घडलं?

मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय ॲप टॅक्सी चालवता येणार नाही, असं बजावलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 'जैसे थे'चा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये रॅपिडोला परवाना नसल्याने राज्यातली सेवा थांबवावी लागली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तिला दिलासा दिला नाही.

मे २०२५ मध्ये राज्याने ॲप टॅक्सीचं धोरण आणलं. जुलैमध्ये बाईक टॅक्सीचे नियम निघाले आणि केंद्रानेही नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली.

भाड्याचं गणित काय आहे?

मागणी वाढली की ॲप भाडं वाढवतं. केंद्राने २०२० मध्ये ही वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत रोखली होती. २०२५ मध्ये ती मर्यादा दुप्पट झाली. महाराष्ट्राच्या धोरणात मात्र दीडपटच आहे. गाडी चालकाची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के हिस्सा त्याला मिळायला हवा.

मग गडचिरोलीत अडचण कुठे येते?

हे नियम गर्दीच्या शहरासाठी लिहिलेले आहेत. शहरात एक प्रवासी उतरला की दुसरा चढतो. आलापल्लीहून भामरागडला गेलेल्या गाडीला परतीचं भाडं मिळेलच असं नाही. म्हणून चालक 'जाण्या-येण्याचे' पैसे मागतो. हा रिकामा फेरा हिशेबात न धरता भाड्यावर मर्यादा घातली, तर कागदावर दर स्वस्त होईल, पण गाडी येणार नाही.

दुसरी अडचण अंतराची. ई-बाईक टॅक्सीला एका फेरीत १५ किलोमीटरची मर्यादा आहे. चंद्रपूर ते बल्लारपूर अंतरच जवळपास तेवढं. गडचिरोली ते चंद्रपूर सुमारे ८० किलोमीटर. शिवाय परवान्यासाठी किमान ५० ई-बाईक हव्यात, म्हणजे एखाद्या तालुक्यातल्या चार-पाच तरुणांना हा धंदा स्वतःच्या बळावर सुरू करता येत नाही.

तिसरी अडचण नेटवर्कची. पॅनिक बटण आणि जीपीएस हे सुरक्षेचे मुख्य आधार मानले जातात. दोन्हींचा संदेश मोबाईल नेटवर्कवरून जातो. जंगलपट्ट्यात कित्येक ठिकाणी रेंजच नसते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, तेव्हा ॲप चालू असून उपयोग नाही.

इथे आज लोक प्रवास कशाने करतात?

एसटी, ऑटो आणि काळी-पिवळी. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे रोजच्या प्रवासात ॲप एसटीशी स्पर्धा करू शकत नाही. गरज पडते ती एसटी नसते तेव्हा : रात्री दवाखाना गाठायचा असतो, शेवटची बस सुटलेली असते. अशा वेळी भाडं समोरचा सांगेल ते. तक्रार करायची तर गाडी कोणी पाठवली, किती पैसे घेतले याची नोंदही नसते. ॲपचा खरा फायदा इथे आहे : गाडीचा क्रमांक, चालकाचं नाव आणि भाडं आधी कळतं.

सरकारला काय करता येईल?

मोटार वाहन कायद्याने भाडं आणि परवान्याचे अधिकार राज्याकडे दिले आहेत, त्यामुळे वेगळा विचार करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. केरळ सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये 'केरळ सवारी' ही स्वतःची ॲप सेवा सुरू केली. बेंगळुरूत 'नम्मा यात्री'ने प्रत्येक फेरीवर कमिशन घेण्याऐवजी चालकाकडून ठराविक शुल्क घेण्याची पद्धत आणली.

या दोन जिल्ह्यांसाठी तीन गोष्टी उपयोगी ठरतील. दुर्गम मार्गांवर परतीचा रिकामा फेरा धरून ठरलेलं आणि जाहीर केलेलं भाडं. ॲपसोबत साध्या फोनवरून बुकिंग आणि रोख पैशांची सोय. आणि आज काळी-पिवळी चालवणाऱ्यांना कमी गाड्यांची सहकारी संस्था करून परवाना मिळण्याची वाट. हे नसेल तर बाहेरची कंपनी चंद्रपूर शहरातली चांगली भाडी उचलेल आणि भामरागडचा रस्ता पूर्वीसारखाच स्थानिक चालकाच्या भरवशावर राहील.

प्रवाशाने काय पाहावं?

गाडीची नंबर प्लेट ॲपवरच्या क्रमांकाशी जुळते का, ते बसण्याआधी पाहा. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर, एमएच-३३ म्हणजे गडचिरोली. खासगी गाडीची पाटी पांढरी असते, भाड्याने चालणाऱ्या गाडीची पिवळी. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. फेरीच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा, परिवहन कार्यालयात तक्रार करताना तोच पुरावा कामी येतो.