भारतीय सैन्यदलांतील गोंदणविषयक नियम

भारतीय सैन्यदलांत भरती होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या शरीरावर कायमस्वरूपी गोंदण (टॅटू) कोठे असावे, याविषयी निश्चित नियम आहेत. नियमात न बसणारे गोंदण असल्यास इतर सर्व निकष पूर्ण करणारा उमेदवारही निवडप्रक्रियेतून बाद होऊ शकतो.

नियमांचे स्वरूप

कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या मागील बाजूस गोंदण असण्यास परवानगी आहे. शरीराच्या अन्य कोणत्याही भागावरील कायमस्वरूपी गोंदण ग्राह्य धरले जात नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेच्या अधिसूचनेतही हा नियम नमूद केलेला असतो. वायुसेनेच्या अधिकारी भरतीत उमेदवाराला गोंदणाचा आकार व प्रकार यांची माहिती, तसेच जवळून आणि दुरून काढलेली त्याची छायाचित्रे सादर करावी लागतात.

आदिवासी जमातींना सवलत

भारतातील अनेक जमातींमध्ये चेहऱ्यावर अथवा अंगावर गोंदण्याची परंपरा आहे. अरुणाचल प्रदेशातील आपातानी आणि नागालँडमधील कोन्याक ही त्याची परिचित उदाहरणे होत. अशा जमातींच्या उमेदवारांना प्रचलित रूढीनुसार असलेल्या गोंदणाबाबत सवलत मिळते. मात्र ती सरसकट नसून प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार केला जातो. महाराष्ट्रात जत्रेत हातावर नाव किंवा देवाचे चिन्ह गोंदवून घेण्याची प्रथा जुनी असली, तरी जमातींसाठीची ही सवलत अन्य उमेदवारांना लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत गोंदणाची जागाच निर्णायक ठरते.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दले

केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल इत्यादी दले गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यांच्या भरतीत धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव यांचे गोंदण मान्य आहे. हाताच्या आतील बाजूचे गोंदण केवळ डाव्या हातावर चालते, कारण सलामी उजव्या हाताने दिली जाते. तळहाताच्या मागील बाजूचे गोंदणही चालते. गोंदणाचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असावा लागतो.

न्यायालयीन निर्णय

या नियमांमुळे अपात्र ठरलेल्या उमेदवारांनी वेळोवेळी न्यायालयात दाद मागितली आहे. 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हाताच्या बाहेरील बाजूस गोंदण असलेल्या उमेदवाराची नियुक्ती रद्द करण्याचा वायुसेनेचा निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने धार्मिक गोंदणामुळे नाकारलेल्या सोलापूरच्या उमेदवाराला दिलासा दिला. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उजव्या हातावरील गोंदणामुळे अपात्र ठरलेल्या उमेदवाराला ते काढून पुन्हा वैद्यकीय मंडळासमोर हजर राहण्याची मुभा दिली.

इतर देश

अमेरिकेच्या भूसेनेने 2022 मध्ये नियम शिथिल करून प्रत्येक हाताच्या पंजावर एक इंचापर्यंतचे आणि मानेच्या मागील बाजूस दोन इंचांपर्यंतचे एक गोंदण मान्य केले. तेथे जागेइतकेच आशयालाही महत्त्व आहे. वंशद्वेषी, अतिरेकी किंवा अश्लील आशयाचे गोंदण शरीराच्या कोणत्याही भागावर असले, तरी ते निषिद्ध आहे.