कलमकऱ्याचे हात

काशीच्या शिंदे घाटावर बसले म्हणजे मराठी माणसाचे मन सहजच बायजाबाईंकडे वळते. इ. स. १८३० च्या सुमारास त्यांनी हा घाट बांधविला. तो आपल्याच भाराने खचला आणि पुढे विसाव्या शतकात पुन्हा उभारला गेला. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ मात्र अद्यापि कललेलेच आहे.

घाट चढून गल्ल्यांत शिरावे, तो आषाढात टोपल्यांतून मांडलेला दिसतो काशीचा लंगडा आंबा. एका पांगळ्या माणसाच्या झाडावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तिचा खरेखोटेपणा राहो. लंगड्याची कोय पेरली असता लंगडाच उगवेल याची शाश्वती नाही, एवढे मात्र निश्चित. म्हणजे आजचे प्रत्येक अस्सल झाड कोणा अनामिक माळ्याने हाताने बांधलेल्या कलमाचे वंशज होय. आपल्या हापूसचे कुळही असेच चालत आले.

जुनी रीत भेट कलमाची. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपाशी न्यावे, फांदी उंच असल्यास मचाण बांधावे, दोहोंच्या साली तासून त्या एकत्र बांधाव्यात, आणि सांधा जुळेतो दोन-तीन महिने कुंडीस पाणी घालीत राहावे. यात बोटांचे कौशल्य घटकाभराचे आणि पाठीचे कष्ट महिन्यांचे! पुढे १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात कोय कलमाचा प्रसार केला. नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या तांबूस कोंबास चीर द्यायची, तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची व प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. मचाण गेले, कुंडीही गेली. नवल हे की एवढे श्रम वाचले, ते कोणत्याही यंत्रावाचून.

भाजीपाल्याच्या रोपवाटिकांत निराळे घडले. हवेच्या ओढीने एकेक बी उचलून ट्रेच्या खळग्यात टाकणारी यंत्रे तेथे आली. जपानात तर १९८० नंतर काकडी-कलिंगडांची कलमे बांधणारी यंत्रेही निघाली. एकाच दिवशी पेरलेली ती रोपे सारख्या जाडीची असतात, म्हणून यंत्राचे भागते. आंब्याची काडी झाडावरून येते. एक जाड, एक बारीक, एक वाकडी. तिला जोडीदार शोधण्याचे काम आमच्याकडे अजून डोळा आणि अंगठाच करतो.

तेव्हा यंत्राची धास्ती कलमकऱ्याने फारशी बाळगण्याचे कारण नाही. ती आहे पिशव्यांत माती भरणाऱ्या बायकांना. हे काम कंबर मोडणारे आहे आणि ते यंत्राकडे जावे, असेच माझे मत आहे. मात्र सरकारी कागदावर 'मजुरीत बचत' असे लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण ती बचत म्हणजे कोणाच्या तरी उन्हाळ्यातील मिठामिरचीचा पैसा असतो. मी पाहिलेल्या रोपवाटिकांत या बायका वर्षानुवर्षे कलमकऱ्याच्या शेजारीच बसत. चाकू कसा फिरतो, हे त्यांना पाठ झालेले होते. तो त्यांच्या हाती देण्याचे मात्र कोणास सुचले नव्हते.