सुट्या भागांची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



गेल्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. मुलगा नववीत, मुलगी बारावीत. मुलाला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय, मुलीला अभ्यासाला आणि प्रवेशाचे अर्ज भरायला. भिशीचा नंबर लागलाय, पैसे हातात येणार आहेत, पण ते एकदाच. दुकानदार म्हणतो, कंपनीचा तयार घ्या. भाचा म्हणतो, भाग आणून जोडून घ्या. ताई विचारत होत्या, "यातलं कुणाचं ऐकू?"

त्यांना मी म्हटलं, उत्तर रेडिओवरून देते, कारण मीही या वाटेने गेले आहे. काही वर्षांपूर्वी मी एक तयार कॉम्प्युटर घेतला होता. दिसायला नेटका, कपाटाच्या कोपऱ्यात मावणारा. वळवाच्या पावसात वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि आतला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, तो जळला. दुरुस्तीवाल्या दादांनी उघडून बघितलं आणि मान हलवली. "ताई, बाजारातला कुठलाच यात बसणार नाही. याचा आकार वेगळा, पिनाही वेगळ्या. कंपनीकडूनच मागवावा लागेल." मागवलेला भाग काही आला नाही. दीड महिना ते यंत्र कापडाखाली झाकून पडलं होतं. शेजारच्या मुलाचा साधा जोडलेला कॉम्प्युटर त्याच दिवशी बिघडला होता, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाला.

तेव्हा मला प्रश्न पडला. एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये बसतोच कसा? मिक्सरचं भांडं दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही, मग इथे असं का? याचं उत्तर १९८१ सालात आहे.

त्याआधी बहुतेक कंपन्यांचा छोटा कॉम्प्युटर म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं घराणं असे. आयबीएम ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी, पण ती मोठी यंत्रं बनवायची. छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात आपण मागे पडतोय हे तिच्या लक्षात आलं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटा गट बसवला आणि साधारण वर्षभरात यंत्र तयार करा म्हणून सांगितलं. इतक्या घाईत सगळं स्वतः बनवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी बाजारातलेच भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा आयबीएम पीसी जाहीर झाला. सगळ्यात स्वस्त नमुना १,५६५ डॉलरचा. त्यात मेमरी फक्त १६ केबी आणि पडदा नाहीच, घरच्या टीव्हीला जोडायचा. आत मात्र जास्तीची कार्डं बसवायला पाच खाचा होत्या. आणि त्या खाचांत काय, कसं बसतं याचे नकाशे कंपनीने पुस्तकात छापून विकायला ठेवले. दुसऱ्यांनी कार्डं बनवावीत, म्हणजे आपलं यंत्र जास्त खपेल, हा हिशेब.

एकच गोष्ट कंपनीने कायद्याने स्वतःकडे राखली. कॉम्प्युटर चालू केल्यावर सगळ्यात आधी जागी होणारी छोटी आज्ञावली, तिला बायोस म्हणतात. तीही पुस्तकात छापली होती, पण नक्कल करायला बंदी. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने यातून वाट काढली. एका गटाने बायोस काय काय काम करतो एवढंच लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ मजकूर न बघता, त्या यादीवरून नवा बायोस लिहिला. शेजारणीच्या वहीतली कृती न उतरवता, तिची आमटी चाखून आपली आमटी करावी, तसंच हे. १९८३ मध्ये कॉम्पॅकचं यंत्र विक्रीला आलं आणि पहिल्याच वर्षात ५३ हजारांच्या आसपास खपलं. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असाच बायोस बनवून तो मागेल त्याला विकायला काढला. मग कुणीही भाग गोळा करून पीसी बनवू लागलं. चढाओढ लागली आणि किमती उतरल्या.

आता ताईंच्या प्रश्नाच्या अगदी जवळची गोष्ट. घरासाठी, मुलांसाठी, खेळांसाठी म्हणून आयबीएमने १९८३ च्या नोव्हेंबरात एक धाकटा कॉम्प्युटर जाहीर केला, नाव पीसी ज्युनिअर. रंग छान, आवाज छान. त्याच्यासाठी रोबर्टा विल्यम्स या बाईंनी ‘किंग्ज क्वेस्ट’ हा खेळ रचला. या बाईंनी १९८० मध्ये घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपला पहिला खेळ आखला होता. किंग्ज क्वेस्टमध्ये पडद्यावरचा माणूस झाडामागे जायचा, पुढून यायचा. त्या काळी ती नवलाई होती.

पण यंत्राचा कीबोर्ड खोडरबरांच्या तुकड्यांसारखा, त्यावर टंकायला त्रास. आणि मोठ्या पीसीची बाजारात मिळणारी कार्डं त्यात बसत नसत. जास्तीचे भाग बाजूला डब्याला डबा लावावा तसे चिकटवावे लागत. मोठ्या यंत्राची विक्री कमी होऊ नये म्हणून धाकट्याला मुद्दाम लंगडं ठेवल्यासारखं झालं. १९८५ च्या मार्चमध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच सुमारास टँडी कंपनीने टँडी १००० काढला. ज्युनिअरचे रंग आणि आवाज त्यात घेतले, पण बाजारातली कार्डं बसतील अशा खाचा ठेवल्या. किंग्ज क्वेस्ट त्यावर चालला आणि घराघरांत गेला. खेळ तोच होता. घरांनी निवडलं ते उघडं यंत्र.

आयबीएमने १९८७ मध्ये पुन्हा प्रयत्न केला. पीएस/टू या नव्या यंत्रांत नव्या प्रकारच्या खाचा आणल्या, जुनी कार्डं त्यात चालेनात, आणि ज्याला तशी यंत्रं बनवायची त्याने परवाना घ्यायचा, पैसे भरायचे. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःची खाच ठरवली, जिच्यात जुनी कार्डंही बसत. बाजार आयबीएमच्या मागे गेला नाही. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्डाला स्क्रूची भोकं कुठे, मागची उघडी जागा केवढी, विजेचा प्लग कसा. शेजारच्या मुलाचा कॉम्प्युटर एका दिवसात सुरू झाला तो या मापामुळे. माझ्या नेटक्या यंत्रात ते माप पाळलेलं नव्हतं.

आपल्याकडे ही गोष्ट थोडी उशिरा पोचली. आयबीएमने भारतातला व्यवसाय १९७८ मध्येच गुंडाळला होता. १९८४ च्या नोव्हेंबरात सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं आणि आयातीची दारं किलकिली झाली. तरी कर जबर होता. १९९० च्या दशकात मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, इथे रेडिओच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत कॉम्प्युटरचे भाग मिळू लागले. ‘असेंबल केलेला’ हा शब्द तिथूनच आपल्या तालुक्याच्या गावांत आला. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत त्या करारातल्या कॉम्प्युटर सामानावरचा आयातकर शून्यावर आला. आपल्यापैकी अनेकींनी एमएस-सीआयटीचा क्लास ज्या यंत्रांवर केला, ती बहुतेक अशीच जोडलेली होती.

गेमचा खर्च मात्र एका भागाभोवती फिरतो, ग्राफिक्स कार्ड. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू कार्ड आलं, १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६. तेव्हापासून गेम खेळायचा तर वेगळं कार्ड हवं, असं ठरूनच गेलं. हा भाग महाग, आणि त्याचा भाव आपल्या हातात अजिबात नाही. २०२० नंतरच्या दोन वर्षांत जगभर लोक आभासी चलन कमवायला हीच कार्डं दिवसरात्र राबवत होते. चिपांचीही टंचाई होती. पोरांच्या खेळाचं कार्ड सोन्याच्या भावाने जाऊ लागलं. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, तेव्हा ती मागणी ओसरली. म्हणून आजही जुनं कार्ड स्वस्तात मिळालं तर ते आधी कुठे राबलंय हे विचारा.

तर ताई, आता तुमच्या पैशांचं बघू.

सुरुवात कार्डापासून करू नका. २०११ पासून एएमडी कंपनीने प्रोसेसरच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स द्यायला सुरुवात केली. रायझेन प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘जी’ अक्षर असेल तर हलके आणि मध्यम गेम वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतंच, मग कार्ड घ्यावंच लागतं. हे एक अक्षर नीट वाचा.

मदरबोर्ड घेताना कार्डाची लांब खाच मोकळी आहे ना बघा. मुलगा दहावी झाला, पैसे जमले, की कार्ड तेव्हा बसवता येईल. प्रोसेसर मात्र कुठल्याही बोर्डावर बसत नाही. त्याची खाच, म्हणजे सॉकेट, जुळावी लागते. २०१६ मध्ये आलेल्या एएम-फोर सॉकेटसाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघत होते. टिकणारी खाच अशी असते. रॅमचंही तसंच. डीडीआर-फोरच्या बोर्डात डीडीआर-फाइव्ह बसत नाही. आणि १६ जीबी घ्यायची तर एकच पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. पोटातलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटांनी खाऊ मिळतो.

साठवणीला एसएसडी घ्या. एसएमपीएस बिनबिलाचा, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला नको. तो जळताना शेजारचे भागही घेऊन जातो. कॅबिनेट एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मापाचं, रंगीत दिव्यांशिवाय चालेल. वाचलेल्या पैशांत यूपीएस घ्या आणि घरचं अर्थिंग तपासून घ्या. पडद्यापुरते पैसे कमी पडले तर टीव्हीला एचडीएमआयची वायर लावा. १९८१ चा तो पहिला स्वस्त नमुनाही टीव्हीलाच लावायचा होता.

दुकानदाराला एकच प्रश्न प्रत्येक भागाबद्दल विचारा, "उद्या हा बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा बसेल का?" तयार यंत्र घेतलंत तरी हाच प्रश्न. बिलावर प्रत्येक भागाचं नाव, क्रमांक आणि वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या.

आणि शेवटचं, कॉम्प्युटर ठेवायचा कुठे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींशी वर्षानुवर्षं बोलून २००२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की घरचा कॉम्प्युटर बहुतेकदा मुलाच्या खोलीत असायचा, मुली भावाच्या नाहीतर वडिलांच्या पाठीमागून बघायच्या. कॉलेजात आल्यावर त्यांना वाटायचं, आपण मागे आहोत, आपल्याला हे जमणार नाही. त्या विद्यापीठाने प्रवेशाची आणि शिकवण्याची रीत बदलली, तेव्हा या विषयाला येणाऱ्या मुली १९९५ मध्ये शेकडा ७ होत्या, त्या २००० मध्ये शेकडा ४२ झाल्या.

म्हणून तो बैठकीच्या खोलीत ठेवा, ताई. आणि दुकानात जाताना भाच्याबरोबर मुलीलाही न्या. भाग जोडताना एक स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात द्या. माझं ते नेटकं यंत्र शेवटी भंगारात गेलं. त्यानंतरचा माझ्या पुतणीने माझ्यासमोर जोडला. गेल्या पावसाळ्यात त्याचाही एसएमपीएस गेला. तिने नवा आणून तासाभरात बसवला, आणि मग गेम खेळत बसली.

फोन करून कळवा काय ठरलं ते.