हीन शिल्पांची यादी आणि लेण्यांतील नावे

काही वर्षांपूर्वी विनयपिटकाचे वाचन चालू असताना भिक्खुविभंगातील दुसरे पाचित्तिय वर्गात आले. त्यातील 'हीन शिल्पांची' यादी वाचून झाली आणि मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझे वडील चामड्याचे काम करतात. हा शब्द इथेही आहे. मग आम्ही काय सोडून इथे आलो?" प्रश्न रागाने विचारला नव्हता, म्हणूनच तो अधिक अवघड होता. त्या दिवशी दिलेले उत्तर मला स्वतःला अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे.

प्रथम ती यादी पाहू. विभंगात पाच शिल्पे हीन म्हणून नोंदलेली आहेत : नळकार म्हणजे बांबू-वेताचे काम करणारा, कुंभकार, पेसकार म्हणजे विणकर, चम्मकार आणि न्हापित. जातींमध्ये चंडाल, वेण, नेसाद, रथकार आणि पुक्कुस ही नावे हीन, तर खत्तिय आणि ब्राह्मण ही उक्कट्ठ, म्हणजे उच्च. कामांमध्ये पुप्फछड्डक, म्हणजे सुकलेली फुले व केरकचरा उचलणाऱ्याचे काम हीन; कसि, वणिज्जा व गोरक्खा, म्हणजे शेती, व्यापार व गोपालन उच्च. शिल्पांमध्ये उच्च कोणती? मुद्दा, गणना आणि लेखा : बोटांवरची मोजणी, हिशेब आणि लेखन. हाताने वस्तू घडविणारा खाली आणि त्या वस्तूंचा हिशेब ठेवणारा वर, ही मांडणी आपल्या परिचयाची आहे.

ही यादी कोणी अर्धवट उद्धृत केली, तर बौद्ध साहित्यातही चातुर्वर्ण्यासारखीच उतरंड होती असे सहज सिद्ध करता येईल, आणि काहींनी तसे केलेही आहे. त्यास उत्तर म्हणून आपल्यापैकी काही लेखक यादीचा उल्लेखच टाळतात. दोन्ही मार्ग संशोधकाचे नव्हेत. यादी कोठे आली आहे, कशासाठी आली आहे, हे पाहिल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही.

हा नियम ओमसवादाचा, म्हणजे टोचून, हिणवून बोलण्याचा आहे. त्याची निदानकथा सावत्थीच्या जेतवनातील आहे. छब्बग्गिय नावाने प्रसिद्ध असलेल्या सहा जणांच्या टोळीतील भिक्खूंचे इतर सदाचारी भिक्खूंशी भांडण झाले, आणि त्यांनी त्या भिक्खूंना जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, शिल्पावरून, रोगावरून, शरीराच्या ठेवणीवरून, मनाच्या मलांवरून, घडलेल्या आपत्तींवरून आणि नुसत्या शिव्यांनी हिणवले. तथागतांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि ओमसवाद पाचित्तिय ठरविला. निर्भर्त्सना करताना सांगितलेली कथा नन्दिविसाल नावाच्या बैलाची आहे. तक्कसिलेच्या एका ब्राह्मणाने त्याच्यावर हजाराची पैज लावली; शंभर गाड्या एकामागे एक जुंपल्या; आणि ऐन वेळी त्याला अपशब्दाने हाक मारली. बैल जागचा हलला नाही. पुढे तोच बैल गोड शब्दाने तितक्याच गाड्या ओढून गेला.

म्हणजे आपल्यापुढची यादी समाजाने कसे असावे हे सांगणारी नाही. कोणत्या शब्दांनी माणसाचा अपमान होतो याची ती कायद्यासाठी केलेली नोंद आहे. ज्या शब्दांवर बंदी घालावयाची, ते शब्द कायद्याला उच्चारावेच लागतात.

येथे विभंगकाराने आणखी एक गोष्ट केली आहे, जिच्याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. काही याद्यांच्या शेवटी तो अशा अर्थाची पुस्ती जोडतो की, त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते, ज्याची अवहेलना होते, ते हीन. हीनपणाची व्याख्या येथे शास्त्रावर आधारलेली नाही, ब्रह्म्याच्या पायावर तर नाहीच. ती जनपदातील लोकांच्या समजुतीवर आधारलेली आहे, आणि ती समजूत गावोगावी बदलते हे गृहीत धरलेले आहे. गोत्रांच्या यादीत याचा पुरावाच मिळतो. कोसिय आणि भारद्वाज ही गोत्रे तेथे हीन आहेत. गोतम, मोग्गल्लान, कच्चान, वासिट्ठ ही उच्च आहेत. भारद्वाज हे नाव ब्राह्मणी परंपरेत केवढे मानाचे, आणि येथे ते शिवीच्या यादीत! रोगांची यादी तर मोठी बोलकी आहे. सर्वच रोग हीन, पण मधुमेह मात्र उच्च. श्रीमंतांच्या घरचा रोगही वरच्या पंक्तीला बसतो, ही गोष्ट विनयधराने न हसता नोंदवून ठेवली आहे. (न हसता की हसून, हे कसे सांगावे!)

एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. मूळ शिक्षापद दोन शब्दांचे आहे आणि त्याभोवतीचे विभंगाचे विवेचन नंतरच्या काळात वाढलेले आहे, असे अभ्यासक मानतात. तेव्हा यादीतील प्रत्येक शब्द भगवंतांच्या मुखातून आला असे म्हणण्याचे कारण नाही. संघाच्या विनयधरांनी, बहुधा काही पिढ्यांच्या अनुभवानंतर, ती संकलित केली असावी. शिवाय नियम करावा लागला याचाच अर्थ असा की, चीवर अंगावर आल्यानंतरही पूर्वीची जात विसरली जात नव्हती. 'नद्या समुद्रास मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत' हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. काही भिक्खूंना ती नावे पाठ होती, हे विनयच आपल्याला सांगतो.

आता नियम कसा चालतो ते पाहू. विभंगात चार शक्यता मांडल्या आहेत. हीन मानलेल्यास हीन शब्दाने हिणवणे, हीन मानलेल्यास उच्च शब्दाने उपहासाने हिणवणे, उच्चास हीन शब्दाने, आणि उच्चास उच्च शब्दाने. हेतू अपमान करण्याचा असेल तर चारही ठिकाणी आपत्ती एकच, पाचित्तिय. बोलणारा कोणत्या कुळातून आला हे कोठेही विचारलेले नाही. थट्टेने बोलला तर दुब्भासित ही हलकी आपत्ती. हित सांगण्यासाठी बोलला तर आपत्ती नाही. ज्याला उपसंपदा मिळालेली नाही अशास हिणवले तर दुक्कट, म्हणजे संघाच्या आत व बाहेर एवढा भेद येथे आहे. परंतु जातीचा भेद नाही.

याच्या शेजारी मनुस्मृतीचा आठवा अध्याय ठेवावा. तिचा काळ विद्वान सामान्यतः इ. स. पूर्व 2रे शतक ते इ. स. 2रे शतक असा मानतात. तेथेही वाक्पारुष्याचा, म्हणजे शिवीगाळीचा, कायदा आहे. ब्राह्मणास शिवी देणाऱ्या क्षत्रियास 100 पण दंड, वैश्यास 150 किंवा 200, शूद्रास शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने क्षत्रियास शिवी दिली तर 50, वैश्यास दिली तर 25, शूद्रास दिली तर 12. आणि द्विजास कठोर बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी, असेही तेथेच आहे. 100, 50, 25, 12 : हा अपमानाचा दरफलकच आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध असमता म्हटले, तिचे इतके नितळ अंकगणित दुसरीकडे मिळणे कठीण. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या पानांवर हे आकडे होते.

दोन ग्रंथांची तुलना करताना अतिशयोक्ती नको. मनुस्मृती साऱ्या समाजाला आणि राजदंडाला उद्देशून आहे. पाचित्तिय नियम केवळ संघातील भिक्खूंना लागू होतो, आणि त्याची शिक्षा म्हणजे आपत्तीची कबुली देणे, एवढीच. पण संघ हाच तो परिसर होता जेथे तथागतांच्या हाती कायदा करण्याचा अधिकार होता, आणि त्या परिसरात त्यांनी कोणता कायदा केला, हे पाहणे न्याय्यच आहे.

न्हापित हे हीन शिल्पांच्या यादीतील पाचवे नाव. चुल्लवग्गात येते की, मल्लांच्या अनुपिय गावी भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किम्बिल आणि देवदत्त हे शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालि होता. कुमारांनी स्वतःच विनंती केली की, उपालिला आधी प्रव्रजित करावे, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले ते उपालिला. परंपरेनुसार, ज्या विनयात न्हाव्याचे शिल्प हीन म्हणून नोंदले आहे, तो विनय संघापुढे सांगणारा न्हावी होता.

येथे थांबलो तर लेख सुखावह होईल, पण अपुरा राहील. संघाच्या दारावर दासाला अडविणारा नियमही विनयातच आहे. महावग्गातील कथा अशी : एक दास पळून येऊन प्रव्रजित झाला. मालकांनी त्याला ओळखले. बिंबिसार राजाने प्रव्रजितांना अभय दिले असल्याने त्यांना काही करता येईना. लोक कुरकुरू लागले आणि दासास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. याच ठिकाणी ऋणकऱ्याचा आणि राजाच्या सैनिकाचाही निषेध आहे. दास, ऋणको, सैनिक : तिघांवर दुसऱ्या कोणाची तरी मालकी आहे. मालक, सावकार आणि राजा यांच्या हितसंबंधांपुढे संघाला मर्यादा पडल्या, हे मान्य केल्याने तथागतांचे मोठेपण उणावत नाही, असे माझे मत आहे. ते नाकारल्याने मात्र आपली विश्वासार्हता उणावते. देव राज चनाना यांनी 1960 साली प्राचीन भारतातील दासप्रथेवरील ग्रंथात पालि साधनांचे जे परिशीलन केले, ते आपल्या अभ्यासमंडळांत अजून फारसे वाचले जात नाही.

दुसऱ्या बाजूला सामञ्ञफलसुत्त आहे. तेथे भगवान अजातसत्तूला विचारतात, तुझा एखादा दास विचार करू लागला की राजाही माणूस आणि मीही माणूस, आणि तो प्रव्रजित झाला, तर तू त्याला परत बोलावशील काय? राजा म्हणतो, नाही, उलट मीच उठून त्याला अभिवादन करीन. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत माणसांचा व्यापार अंगुत्तरनिकायात नोंदला आहे, आणि दास-दासी स्वीकारण्यापासून भिक्खू विरत असतो असे दीघनिकाय सांगतो. थेरीगाथेतील पुण्णिका अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी होती; अट्ठकथेनुसार श्रेष्ठीने तिला दास्यमुक्त केल्यावर ती संघात आली. म्हणजे नियम पाळला गेला, आणि दारही उघडले. ही दोन्ही वचने एकाच पिटकसंग्रहात आहेत. त्यांचा मेळ घालण्याची घाई मी करीत नाही.

ग्रंथांतून आता दगडांकडे वळू, कारण यादीतील माणसे तेथे स्वतःच्या नावाने भेटतात.

नाशिकच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. 42 व्या वर्षी त्याने 3000 कहापण अक्षयनीवी म्हणून ठेवले. कोणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 एका कोलिक निकायाकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, आणि 1000 दुसऱ्या कोलिक निकायाकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. (कोलिक म्हणजे विणकर, आपले कोळी नव्हेत.) मूळ रकमेला हात लावावयाचा नाही, व्याजच खर्चावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240 होते. लेखात म्हटले आहे की, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कहापण चीवरासाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब बरोबर जुळतो. ज्यांचे शिल्प एका जनपदात शिवी होती, त्यांच्या हाती दुसऱ्या जनपदात राजाच्या जावयाने संघाच्या वस्त्रांची चिरंतन जबाबदारी दिली. याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचेही याच लेण्यात कोरलेले आहे, हे विसरू नये. त्याची श्रद्धा तपासण्यापेक्षा त्याचा विश्वास कोणाच्या हिशेबावर होता, हे पाहणे अधिक उपयुक्त.

जुन्नरच्या एका लेखात अशीच ठेव वंसकारांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेली आहे. वंसकार म्हणजे आपला बुरूड, विनयातील नळकार.

श्रेणी म्हणजे संघटित, काही भांडवल बाळगणारे कारागीर. पुप्फछड्डक किंवा चंडाल यांच्याजवळ ठेवण्याजोगे काही नव्हते आणि ठेव सांभाळण्यासारखी श्रेणीही नव्हती. त्यामुळे शिलालेखांच्या आधारे साऱ्या तळच्या माणसांविषयी बोलता येत नाही. सुनीतासारखा कचरा उचलणारा थेरगाथेत बोलतो, ते संघात आल्यामुळे.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर एक लेख वाचावयास दिला. तो आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपावरचा आहे. विधिक नावाच्या माणसाने पूर्णघट कोरलेली एक शिला दान दिली. दानात त्याची आई आहे, पत्नी आहे, भाऊ आहेत, नाग नावाचा मुलगा आहे, मुली आहेत. वडिलांचे नावही नाग, आणि त्यांना उपज्झाय, म्हणजे उपाध्याय, म्हटले आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवलेले दिसते. उपाध्यायाचा पुत्र एवढीच ओळख विधिकाला पुरली असती. लेखात मात्र त्याने 'चम्मकार' हा शब्द कोरून घेतला आहे.