आग बाहेर, हवा आत : हिंगोलीचा कातळ, विहिरी आणि कॉम्प्रेसर

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा असला तरी ज्या भूमीवर तो उभा आहे ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची आहे. हा लाव्हा थरावर थर साचत थंड झाला आणि त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, घडला. या भूमीत वरची काळी माती संपली की मुरूम लागतो, मुरमाखाली कातळ लागतो, आणि पाणी सापडते ते मुरमाच्या पोकळीत, कातळाच्या भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा यांच्या काठापासून दूर असलेल्या गावांना पाणी हवे असेल तर कातळ फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे येथील बागायतीचा इतिहास हा बऱ्याच अंशी खडक फोडण्याच्या साधनांचा इतिहास आहे, आणि गेल्या काही दशकांत त्या साधनांमध्ये दाबलेल्या हवेला, म्हणजे कॉम्प्रेसरला, मध्यवर्ती स्थान मिळाले आहे.

कातळ हाताने घडवण्याची विद्या या प्रदेशात जुनी आहे; औंढा नागनाथाच्या मंदिरावरील कोरीव काम आणि मराठवाड्यात विखुरलेल्या बारवा, म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत नेणाऱ्या बांधीव विहिरी, ही तिची ठळक उदाहरणे होत. शेतातील विहिरींचे खोदकाम मात्र प्रामुख्याने वडार समाजातील कारागिरांच्या अंगबळावर आणि पारखीवर चालत असे. पहार, घण, सुतकी आणि छिन्नी ही त्यांची अवजारे होती. खडकाची शीर कोठे आहे हे घावाच्या आवाजावरून ओळखणे आणि त्या शिरेवर छिन्नी ठेवून दगड सुटा करणे हे त्यांचे कसब होते. विहीर तयार झाल्यावर पाणी वर येई ते मोटेने. मोट ओढणाऱ्या बैलांसाठी विहिरीच्या काठाला उताराची धाव लागे आणि मोटेतील पाणी ओतण्यासाठी थारोळे लागे. म्हणूनच धाव कोणत्या बाजूस असावी, बैल कोठून उतरतील आणि पाणी पाटाला कोठे लागेल, याचा विचार पहिली कुदळ पडण्यापूर्वीच केला जाई.

सुरुंगाची दारू आल्यावर खोदकामाची गती वाढली, आणि १८६७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट घेतल्यानंतर स्फोटाची ताकदही वाढली. परंतु स्फोटापूर्वी खडकात खोल छिद्र पाडण्याचे काम पूर्वीइतकेच कष्टाचे राहिले. एकाने पोलादी छिन्नी धरून प्रत्येक घावाला ती थोडी फिरवायची आणि दुसऱ्याने तिच्या माथ्यावर घण मारायचा, अशा रीतीने हे छिद्र बोटाबोटाने खोल होई. मुंबईहून पुण्याकडे जाणारा १८६३ मध्ये खुला झालेला बोर घाटातील लोहमार्गही हातछिन्नी आणि सुरुंग यांच्याच बळावर याच काळ्या पाषाणातून काढला गेला. बेसाल्ट फोडणाऱ्याची खरी अडचण स्फोटकाची नव्हती, तर त्या स्फोटकासाठी जागा करणाऱ्या छिद्राची होती.

ही अडचण ज्या साधनाने दूर झाली त्याचा जन्म आल्प्स पर्वतात झाला. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या सुमारे १३ किलोमीटर लांबीच्या माँ सेनी बोगद्याचे काम १८५७ मध्ये हाताने सुरू झाले, तेव्हा वाफेचे इंजिन बोगद्यात नेणे शक्य नव्हते, कारण त्याच्या भट्टीने आतील मोजकी हवा संपवली असती आणि धुराने कामगार गुदमरले असते. जेर्में सोमेये या अभियंत्याने १८६१ पासून तेथे वेगळी व्यवस्था बसवली : हवा दाबणारी यंत्रे बोगद्याच्या तोंडाबाहेर ठेवायची, दाबलेली हवा लोखंडी नळांतून आत न्यायची आणि तिच्या जोरावर खडकात छिद्र पाडणारी यंत्रे चालवायची. काम करून सुटलेली हवा आतील माणसांच्या श्वासालाही उपयोगी पडे. १८७१ मध्ये हा बोगदा वाहतुकीस खुला झाला. दाबलेल्या हवेच्या तंत्राचे मूळ तत्त्व या रचनेत स्पष्ट दिसते. आग बाहेर राहील आणि केवळ जोर आत जाईल, एवढ्यासाठीच हे तंत्र स्वीकारले गेले होते. हिंगोलीच्या विहिरींच्या संदर्भात हे तत्त्व विशेष महत्त्वाचे ठरते, कारण विहीर हा एका अर्थाने उभा बोगदाच आहे.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या काळात मराठवाड्याच्या शेतीत मोटेची जागा हळूहळू ऑइल इंजिनाने घेतली. परंतु विहिरीवरच्या पंपाला निसर्गाची एक मर्यादा असते. पंप पाणी वर ओढतो म्हणजे प्रत्यक्षात वातावरणाचा दाब ते वर ढकलतो, आणि हा दाब सिद्धांतानुसार सुमारे १० मीटर व व्यवहारात जेमतेम ७ मीटरपर्यंतच पाणी चढवू शकतो. पाणी त्याहून खोल असेल तर पंप खाली न्यावा लागे आणि पट्ट्याने जोडलेले इंजिनही त्याच्यासोबत विहिरीतील कप्प्यात उतरवावे लागे. इंजिन विहिरीत नेण्याची सवय अशा भौतिक अडचणीतून जडली. तिच्याबरोबर विहिरीत धूर साचण्याचा धोकाही आला, आणि विजेवरचा पाणबुडी पंप येईपर्यंत तो टळू शकला नाही.

कॉम्प्रेसरला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. हवा ओढायची नसून ढकलायची असते, त्यामुळे यंत्र काठावर ठेवून रबरी नळीतून ती पुष्कळ खोल पाठवता येते. पुण्यात १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीची स्थापना झाली आणि हवेची यंत्रे महाराष्ट्रात बनू लागली. १९७२च्या दुष्काळाने पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आणल्यावर खोल विहिरींची निकड वाढली. ट्रॅक्टरच्या शक्तीवर चालणारा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेला जॅकहॅमर, सुरुंगाची वात व टोपी आणि फुटलेला दगड वर काढणारी यारी, असा संच पुढे गावोगावी परिचयाचा झाला. याच सुमारास कूपनलिकेचे, म्हणजे बोअरचे, तंत्रही आले. त्यात दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा छिद्राच्या तळाशीच घाव घालतो आणि तीच हवा दगडाचा चुरा वर फेकते. १९६७ मध्ये बिहारच्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे आणली होती. खोल बोअरमधून रोज पाणी उपसू शकेल असा हातपंप घडवण्याच्या प्रयत्नांत मराठवाड्यातील जालन्याचा ‘जालना पंप’ ही एक महत्त्वाची पायरी ठरली. आज हळदीसारखे आठ-नऊ महिने शेतात राहणारे आणि सतत ओल मागणारे पीक वसमत परिसराची ओळख बनले आहे, त्यामागे कातळात उतरलेल्या या हवेचा वाटा मोठा आहे.

या इतिहासातील अगदी अलीकडचे पान पेट्रोलवर चालणाऱ्या लहान कॉम्प्रेसरचे आहे. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची जी वर्षे सोसली त्या काळात विजेवर अवलंबून नसलेल्या हवेला महत्त्व आले. रस्त्याकडेचे पंक्चरचे दुकान, रंगकाम, शेतावर बंद पडलेल्या ट्रॅक्टरचे चाक किंवा अवजारांची सफाई यांसाठी दोन माणसांना उचलता येईल असे यंत्र सोयीचे असते. त्याची रचना साधी आहे : पेट्रोल इंजिन पट्ट्याने हवेचा पंप फिरवते, पंपातील दट्ट्या हवा दाबून टाकीत भरतो, उलट न जाऊ देणारी झडप ती टाकीतच अडवते, काटा दाब दाखवतो, आणि दाब मर्यादेबाहेर गेला तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडून हवा सोडून देतो. अशा यंत्राची हवा जॅकहॅमरला पुरत नाही. तो मोठ्या यंत्राचाच प्रांत आहे. परंतु यंत्र हलके असल्यामुळे ते शटर ओढलेल्या दुकानात, गोठ्यात, रिकाम्या पाण्याच्या टाकीत किंवा गाळ काढायला घेतलेल्या विहिरीतही सहज नेले जाते. ज्या तंत्राचा जन्म आग बाहेर ठेवण्यासाठी झाला, त्याच तंत्राची आग अशा वेळी माणसाच्या शेजारी येऊन बसते.

या आगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होणे, मळमळणे आणि पायांतील बळ जाणे ही लक्षणे जाणवेपर्यंत माणसाला स्वतःहून वर चढणे अशक्य झालेले असू शकते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराला कंदील बांधून खाली सोडण्याची रीत आहे. दिवा विझला तर उतरायचे नाही, असा तिचा नियम. तळाशी साचणारा जड कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायूची कमतरता ओळखण्यासाठी ही रीत उपयोगी होती. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते, कारण हा वायू माणसाला मारण्याइतका साचला तरी दिवा तेवतच राहतो. ब्रिटनमधील कोळसा खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करून जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ मध्ये हीच बाब दाखवून दिली. ज्योतीवर विसंबण्याऐवजी लहान पक्षी किंवा उंदीर सोबत न्यावा, असे त्यांचे सांगणे होते. इंजिन आले तेव्हा कंदिलाच्या रीतीला नव्या नियमाची जोड मिळणे आवश्यक होते. इंजिन उघड्यावर, काठापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावे, लांबवायची झाली तर हवेची नळी लांबवावी, आणि आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे घाईने दुसऱ्याने उतरू नये, असा तो नियम आहे. कॉम्प्रेसरमधून नळीने येणारी हवा तेलाने व कधी धुरानेही दूषित असू शकते, म्हणून ती श्वासासाठी वापरणेही योग्य नव्हे.

धुराइतकाच विचार टाकीचा करावा लागतो. टाकीत दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो दाब असेल, तर ३० सेंटीमीटर व्यासाच्या तिच्या एका झाकणावर सुमारे पाच टनांचा जोर सतत पडत असतो. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाला जागा उरत नाही आणि ते थंड होऊन पाण्याच्या रूपाने तळाशी साचते. पावसाळ्यात हे पाणी अधिक असते. त्या पाण्याने पत्रा आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत असताना टाकी पातळ होत जाते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर दाब उतरवून तळाची तोटी उघडणे आणि पाणी पूर्ण निथळू देणे हे या यंत्राच्या निगेतील पहिले काम मानले जाते. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावणे, किंवा वारंवार उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून वा बूच मारून बंद करणे, यांमुळे यंत्र काही दिवस चालते, परंतु धोका दृष्टीआड होतो.

बाकीची काही निगा हिंगोलीच्या परिसराशी जोडलेली आहे. मुरमाची धूळ आणि कापसाचे तंतू हवेच्या गाळणीत व पंपाच्या थंडाव्यासाठी असलेल्या पात्यांत अडकतात, पंप तापतो आणि झडपांवर काजळी धरते. त्यामुळे गाळणी ठरावीक काळाने झटकावी किंवा बदलावी लागते. इंजिनाचे तेल आणि पंपाचे तेल ही दोन वेगळी तेले आहेत, आणि दोन्हींची पातळी यंत्र सपाट जागी ठेवून रोज पाहावी लागते. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून निवू द्यावे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले थेंबही पेट घेतात. पट्ट्यावरची जाळी काढून यंत्र चालवू नये, कारण उपरण्याचे किंवा पदराचे टोक ओढले जाण्यास क्षणही पुरतो. दाब असताना नळीचा सांधा सोडू नये, कारण सुटलेली नळी सापासारखी फटकारे मारते. आणि अंगावरची धूळ उडवण्यासाठी ही हवा कधीही वापरू नये, कारण ती डोळा, कान व त्वचा यांना गंभीर इजा करते. हंगाम संपल्यावर यंत्र बाजूला ठेवायचे असेल तर पेट्रोल काढून ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसत नाही.

भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांविषयी कलम ३१ मध्ये आणि विषारी वायू साचणाऱ्या बंदिस्त जागांविषयी कलम ३६ मध्ये तरतुदी होत्या. परंतु हा कायदा कारखान्यांपुरता होता, आणि शेतातील विहीर किंवा रस्त्याकडेचे पंक्चरचे दुकान कारखान्याच्या व्याख्येत बसत नव्हते. अशा जागी सुरक्षितता टिकते ती रीतीच्या बळावर, आणि रीत तयार होते ती कामाचे कारण समजल्यावर.

अशी रीत या प्रदेशाला परकी नाही. मोटेच्या काळात धावेची जागा ठरल्याशिवाय विहिरीला कुदळ लागत नसे, कारण रोज त्या उतारावरून जाणाऱ्या बैलांचा आणि हाकणाऱ्या माणसाचा जीव तिच्या बांधणीवर अवलंबून असे. कॉम्प्रेसरच्या काळात तेवढाच विचार यंत्राच्या जागेला मिळायला हवा. वारा कोणत्या बाजूने वाहतो, धूर कोठे जाईल आणि नळी किती लांब लागेल, हे यंत्राला पहिला झटका देण्यापूर्वी ठरले, तर आत उतरणाऱ्या माणसापर्यंत हवेचा जोर तेवढा पोहोचेल आणि आग बाहेरच राहील.