उरलेला नया पैसा

एका रुपयाचे तिघांत सारखे वाटे होत नाहीत, हे मला गणिताच्या मास्तरांनी नव्हे, भारत सरकारनं शिकवलं. तारीख होती १ एप्रिल १९५७. तारखेमुळं पुष्कळांना वाटलं की सरकार चेष्टा करतंय. पण खरोखरच त्या दिवसापासून रुपयाचे १०० नये पैसे झाले आणि आमच्या मैत्रीला पहिला तडा गेला.

त्याआधी रुपया कसा भरल्या घरासारखा होता! १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आता १९२ हा आकडा किती मनमिळाऊ आहे पाहा. त्याला दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत, सहांत, आठांत, बारांत वाटा; कुरकुर नाही. तिघांत एक रुपया म्हणजे प्रत्येकी ५ आणे ४ पै, विषय संपला. पै नाणं म्हणून आमच्या लहानपणीच दिसेनाशी झाली होती हे खरं, पण वहीत ती जिवंत होती, आणि भांडणं वहीतच व्हायची. शंभराचं तसं नाही. तिघांना तेहतीस-तेहतीस दिले की एक नया पैसा मध्येच उभा राहतो, लग्नघरात आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखा. याला कोण ओळखतं? कोणीच नाही. पण जेवायला तर बसलाय!

बरं, ही अडचण फक्त आमच्याच पिढीची असंही नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तिच्या सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. करा तिघांत भाग! प्रत्येकी ४२६ आणि दोन कवड्या शिल्लक. आमच्यापुढं निदान एकच पैसा उरत होता. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, कोरून ठेवलेला शिलालेख आहे. त्यात आजोबांची विद्वत्ता आहे. त्या दोन कवड्यांचं पुढं काय झालं, ते नाही.

तर त्या जूनमध्ये आम्ही तिघं मुंबईत कॉलेजात दाखल झालो. एक मी. दुसरा फडणीस. हे त्याचं आडनाव नव्हे, हुद्दा. खिशात लाल पुठ्ठ्याची वही आणि कानावर पेन्सील. तिसरा मौनी. तो कोकणातून आलेला, लालबागला वडिलांबरोबर राहायचा आणि दिवसाला सरासरी चार वाक्यं बोलायचा. कॉलेज सुटलं की आम्ही कोपऱ्यावरच्या इराण्याकडं बसायचो. रोजचे पैसे फडणीस भरायचा आणि महिनाअखेर वहीतून वसूल करायचा.

पहिल्याच आठवड्यात फडणिसाला एक शोध लागला. इराण्याचा चहा एक आण्याला. सरकारच्या कोष्टकाप्रमाणं एक आण्याचे ६ नये पैसे, दोन आण्यांचे १२, पण तीन आण्यांचे १९! म्हणजे तिघांनी एकत्र बिल दिलं तर १९, आणि तिघांनी वेगवेगळं दिलं तर अठरा. "म्हणजे मैत्रीला रोज एक नया पैसा कर बसतो," फडणीस म्हणाला. त्यानं गल्ल्यावर जाऊन तीन वेगळी बिलं मागितली. इराण्यानं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "एक नया पैसा के वास्ते तीन बिल? फिर हमारा कागज का पैसा कौन देगा?" या प्रश्नाला सरकारच्या कोष्टकात उत्तर नव्हतं.

ऑगस्टअखेर वहीत बरोबर अकरा रुपये झाले. तिघांत प्रत्येकी ३ रुपये ६६ नये पैसे, आणि उरले दोन. हे दोन नये पैसे कोणी सोसायचे? आम्ही तासभर वाद घातला. मी म्हणालो, चिठ्ठ्या टाका. फडणीस म्हणाला, पाळी लावू. या महिन्यात तुम्ही दोघं, पुढच्या महिन्यात मी. मी विचारलं, पुढच्या महिन्यात एकच उरला तर? काहीच उरलं नाही तर? त्यावर फडणिसानं वहीच्या मागच्या पानावर घटना लिहायला घेतली. मौनी आमच्याकडं पाहत होता. मग त्यानं ३ रुपये ६८ नये पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. "बघ, किती समजूतदार आहे!" आम्ही एकमेकांना म्हणालो.

सप्टेंबरात मौनी इराण्याकडं आला नाही. आधी म्हणाला, अभ्यास आहे. मग म्हणाला, चहा सोडला. मग काहीच म्हणाला नाही. शेवटी एका रविवारी आम्ही दोघं लालबागला त्याच्या खोलीवर गेलो.

खोली म्हणजे गावकऱ्यांची खोली. दहा बाय बाराचा एक गाळा, त्यात त्याच्या गावचे एकोणीस पुरुष. सगळे एका वेळी नसत, कारण गिरण्या पाळ्यांत चालत; एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक अंघोळीच्या रांगेत. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, जेवण खानावळवाल्या बाईकडं, पैसे पगार झाल्यावर. या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गिरणगाव जेवू घातलं, तेही उधारीवर आणि स्वतः सावकाराचं व्याज भरून. पुढं १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांचं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं आणि बँकांची कर्जं त्यांच्या दारापर्यंत आणली.

भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली होती. फडणिसाला वही दिसली की राहवत नसे. त्यानं ती उघडली. महिन्याचं भाडं, दिव्याचं रॉकेल, देवाच्या उदबत्त्या, एकोणीस नावं. पण चार नावांपुढं रकमेऐवजी नुसता एक गोळा.

"हे चौघं बुडवे का?" फडणिसानं विचारलं.

कोपऱ्यात विडी ओढत बसलेले एक म्हातारे हसले. म्हणाले, "जेका काम नाय, तेचो वाटो आमी भरतंव. काम लागला की तो दुसऱ्याचो भरतलो."

"मग हिशेब कसा जुळतो?"

"जुळता मा. हिसाब माणसाचो नाय, खोलीचो."

खाली उतरताना मौनीनं आपलं दिवसाचं पाचवं वाक्य खर्च केलं. "तुम्ही दोघं ऑम्लेट खात होतात," तो म्हणाला, "मी चहा पीत होतो. मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

अकरा रुपयांतल्या दोन नव्या पैशांवर आम्ही तासभर भांडलो होतो, आणि त्या अकरा रुपयांत ऑम्लेटं कोणाची होती हे आम्ही एकदाही मोजलं नव्हतं! मौनीचे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कोणी गैरहजर राहिला तर काम, नाहीतर दारातून परत. त्या महिन्यात आमच्या ऑम्लेटांचा तिसरा हिस्सा त्यांनी भरला होता.

पुढं मी इतिहासाचा मास्तर झालो आणि वाचताना मला पिसाचा फिबोनाची भेटला. त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. एकाजवळ तीन भाकऱ्या, दुसऱ्याजवळ दोन. तिसरा एक शिपाई येतो, तिघं सारखं खातात, आणि शिपाई पाच नाणी ठेवून जातो. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, असं आपण चटकन म्हणून जातो. चूक! प्रत्येकानं एक भाकरी आणि दोन तृतीयांश खाल्ली. दुसऱ्यानं आपल्या दोनांतून जेमतेम एका भाकरीचा तिसरा हिस्सा शिपायाला दिला, बाकी स्वतःच खाल्ली. म्हणून पहिल्याला चार, दुसऱ्याला एक. कोणी काय आणलं एवढंच पाहू नका, कोणी काय खाल्लं तेही पाहा. फडणीस ही गोष्ट आधी वाचता तर? मला वाटतं, त्यानं वहीत आणखी दोन रकाने आखले असते.

'लीलावती'तही असं एक उदाहरण आहे. तिघांनी ५१, ६८ आणि ८५ घातले, त्याचे ३०० झाले. वाटे ७५, १०० आणि १२५. व्यापाराला हे चोख आहे. पण लालबागच्या खोलीतल्या गोळ्याला भास्कराचार्यांकडंही सूत्र नाही आणि फिबोनाचीकडंही नाही.

आणि तो गोळा अमर होता असंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. एकोणीसपैकी चौघांपुढं गोळा असला तर पंधरा जण तो भरतात. पण सगळ्याच नावांपुढं गोळा पडला, तर कोणी कोणाचा वाटा भरायचा? कित्येक जण वळकटी बांधून गावी परतले.

आमचं म्हणाल, तर त्या रविवारनंतर फडणिसानं वही बंद केली आणि टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. ज्याला जे जमेल ते त्यानं न मोजता टाकायचं, बिल डब्यातून. पहिल्या महिन्याअखेर डब्यात चार आणे जास्त निघाले. फडणीस दोन रात्री झोपला नाही. तूट तो समजू शकत होता. शिल्लक त्याच्या शास्त्रात बसेना. माझा संशय मौनीवर होता, आणि अजून आहे. विचारलं तर तो पुन्हा चहा सोडील, म्हणून कधी विचारलं नाही.

पुढं १९६४ साली सरकारनं 'नया' हा शब्द काढून टाकला. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. म्हणजे तो उरलेला पैसा कायद्यानं मेला. पण परवा नातवानं मला आणि त्याच्या एका मित्राला हॉटेलात नेलं. बिल चारशे रुपये. नातवानं मोबाईलवर बोट फिरवलं आणि क्षणात वाटणी हजर : १३३ रुपये ३३ पैसे, १३३ रुपये ३३ पैसे, आणि १३३ रुपये ३४ पैसे. अडुसष्ट वर्षांनी तोच पैसा पुन्हा दारात उभा!

"आजोबा, हा एक पैसा कोणावर टाकू?" नातू हसत म्हणाला.

मी त्याच्या मित्राकडं पाहिलं. पोरगा नोकरी शोधत होता, आणि त्यानं फक्त चहा घेतला होता.

"पैशाचं नंतर बघू," मी म्हणालो. "आधी सांग, डोसे कोणी कोणी खाल्ले?"