एसआयव्ही : नरवानरांतील रोगप्रतिकार आणि लसीकरण

एसआयव्ही म्हणजे सिमियन इम्युनोडेफिशियन्सी व्हायरस. हा नरवानर गणातील प्राण्यांत आढळणारा रेट्रोव्हायरस असून माणसातल्या एचआयव्हीचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे. आरएनए स्वरूपातली आपली जनुके तो डीएनएत उतरवतो आणि पोशिंद्या पेशीच्या गुणसूत्रात कायमची बसवतो. त्यामुळे संसर्ग एकदा मूळ धरून बसला की शरीर सहसा त्यातून सुटत नाही. लसीला जे करायचे ते त्याआधी किंवा फार तर सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच उरकावे लागते. आफ्रिकेतल्या ४० हून अधिक प्रजातींत या विषाणूचे वेगवेगळे प्रकार सापडले आहेत. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ मध्य आफ्रिकेतल्या चिंपँझीपासून माणसात आला, तर एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबी या माकडापासून.

एसआयव्ही प्रथम वेगळा काढला गेला तो १९८५ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रायमेट संशोधन केंद्रातल्या ऱ्हीसस माकडांतून. ऱ्हीसस हे आशियातले माकड. रानात त्याला या विषाणूचा संसर्ग होत नाही. अमेरिकेतल्या प्रायमेट केंद्रांत ठेवलेल्या मँगबींकडून तो त्याच्यात शिरला होता. पुढच्या बहुतेक प्रयोगांत भारतीय वंशाची ऱ्हीसस माकडे वापरली गेली. भारताने १९७८ मध्ये त्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून त्यांची तिकडेच पैदास केली जाते. चिनी वंशाच्या ऱ्हीससमध्ये हाच विषाणू सहसा कमी वाढतो आणि आजार सावकाश पुढे सरकतो. त्यामुळे लसीच्या प्रयोगाचा निकाल वाचताना माकड कोणत्या वंशाचे होते, हे आधी पाहावे.

मँगबी आणि आफ्रिकी हिरवे माकड या मूळ पोशिंद्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण मिलिलिटरमागे लाखांच्या घरात असते, तरीही त्यांना सहसा एड्स होत नाही. संसर्गाच्या सुरुवातीला त्यांची रोगप्रतिकार यंत्रणा ऱ्हीससइतक्याच जोराने खवळते, पण काही आठवड्यांतच शांत होते. त्यांच्या आतड्याचे अस्तर शाबूत राहते, त्यामुळे आतड्यातले जिवाणू रक्तात झिरपत नाहीत. विषाणूला आत शिरायला लागणारा सीसीआर-५ हा ग्राही त्यांच्या सीडी-४ पेशींवर कमी असतो. हजारो वर्षांच्या सहवासात त्यांनी विषाणू संपवला नाही, स्वतःचा दाह आवरला. चिंपँझीला मात्र हे साधलेले नाही. टांझानियातल्या गोम्बे राष्ट्रीय उद्यानातल्या नोंदींवरून २००९ मध्ये दाखवण्यात आले की, वय लक्षात घेता, संसर्गित चिंपँझींना मृत्यूचा धोका १० ते १६ पट अधिक असतो.

ऱ्हीससमध्ये चित्र उलटे दिसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-४ स्मृतिपेशींचा बहुतांश साठा नष्ट होतो. रक्ताच्या तपासणीत तेव्हा एवढी हानी दिसतही नाही. विषाणूचे प्रमाण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठते आणि मारक सीडी-८ पेशी कामाला लागल्यावर खाली येते. या पेशींचे महत्त्व १९९९ मधल्या प्रयोगांनी पक्के केले. प्रतिपिंड टोचून माकडांच्या सीडी-८ पेशी काढून टाकल्या की विषाणू उसळला, आणि पेशी परतल्या की पुन्हा दबला. मामू-बी*०८ हा जनुकप्रकार असलेल्या माकडांपैकी जवळपास निम्मी विषाणू अगदी खालच्या पातळीवर रोखून धरतात. बाकीच्यांत विषाणू आपली प्रथिने बदलून मारक पेशींच्या हातून निसटतो.

लसींच्या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा प्रसंग सुरुवातीच्या वर्षांतला आहे. फॉर्मॅलिनसारख्या रसायनाने मारलेल्या विषाणूची लस दिलेली माकडे १९८९ च्या सुमारास संसर्गापासून वाचली आणि मोठी आशा निर्माण झाली. ब्रिटनमधल्या ई. जे. स्टॉट यांच्या गटाने १९९१ मध्ये तुलनेसाठी काही माकडांना नुसत्याच, विषाणू नसलेल्या मानवी पेशी टोचल्या. त्यांतलीही काही वाचली! लसीतला आणि नंतर टोचलेला, असे दोन्ही विषाणू मानवी टी-पेशींतच वाढवलेले होते. अशा पेशीतून बाहेर पडताना विषाणू तिच्या आवरणातली मानवी प्रथिने अंगावर घेऊन निघतो. माकडांचे प्रतिपिंड लढत होते ते या परक्या मानवी प्रथिनांशी. पुढे माकडाच्याच पेशींत वाढवलेला विषाणू टोचल्यावर हे संरक्षण टिकले नाही. इतका प्रामाणिक तुलनागट ठेवला नसता तर पुढची कित्येक वर्षे वाया गेली असती.

१९९२ मध्ये नेफ हे जनुक वगळून दुबळा केलेला जिवंत एसआयव्ही लस म्हणून वापरला गेला. त्याने दिलेले संरक्षण आजही फार थोड्या लसींना गाठता आले आहे. पण १९९५ मध्ये आणखी जनुके वगळलेल्या अशाच विषाणूने नवजात ऱ्हीसस पिल्लांना एड्स झाल्याचे दिसले. माणसांसाठी तो मार्ग तिथेच बंद झाला, आणि ते योग्यच झाले.

त्यानंतर एचआयव्हीचे आवरण आणि एसआयव्हीचा गाभा जोडून केलेले एसएचआयव्ही हे संकरित विषाणू वापरात आले. त्यांतल्या ८९.६पी या प्रकारापासून एडिनोव्हायरस-५ वर आधारलेल्या लसीने माकडांना आजारापासून चांगले वाचवले होते. त्याच्यापेक्षा कितीतरी चिवट असलेल्या एसआयव्हीमॅक-२३९ पुढे मात्र ही पद्धत फारशी टिकली नाही. हा इशारा पुरेशा गांभीर्याने घेतला गेला नाही, असे मागे वळून पाहता म्हणावे लागते. याच पद्धतीच्या लसीची माणसांवरची स्टेप ही चाचणी २००७ मध्ये निष्फळ ठरून थांबवावी लागली. तसेच पुन्हा घडले. २०१८ मध्ये एडिनोव्हायरस-२६ च्या मोझेक लसीने ६७ टक्के माकडांना संसर्गापासून वाचवल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तिच्यावरून आखलेली मोझेको ही मानवी चाचणी २०२३ मध्ये परिणाम न दिसल्याने बंद झाली.

सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष ओरेगन प्रायमेट केंद्रातल्या लुई पिकर यांच्या गटाचे आहेत. ऱ्हीससच्या सायटोमेगॅलोव्हायरसमध्ये त्यांनी एसआयव्हीची जनुके घातली. हा वाहक विषाणू शरीरात आयुष्यभर राहतो आणि टी-पेशींना सतत जागे ठेवतो. ही लस संसर्ग होणे थांबवत नाही, पण जवळपास निम्म्या माकडांत झालेला संसर्ग लगेच दाबला जातो आणि कालांतराने विषाणूचा मागमूसही सापडेनासा होतो, असे २०१३ मध्ये त्यांनी दाखवले. या माकडांच्या सीडी-८ पेशी विषाणूचे तुकडे ओळखतात ते नेहमीच्या रेणूंऐवजी एमएचसी-ई या रेणूवर, आणि हा रेणू सर्व माकडांत जवळपास सारखाच असतो. प्रयोगशाळेत वाढवताना वाहकाची काही जनुके गळून गेली होती. ती परत घातली की एमएचसी-ई वरचा प्रतिसादही जातो आणि संरक्षणही.